बारा मिनिटांचा कॉम्प्युटर

माझ्या मुलीने स्वतःच्या हातांनी बांधलेला कॉम्प्युटर बरोबर बारा मिनिटं चालायचा. कधी अकरा, कधी तेरा, पण सरासरी बारा. गाणी लावा, पत्र लिहा, दिवसभर शहाण्या बाळासारखा बसून राहील. खेळ सुरू केला की मात्र बाराव्या मिनिटाला पडद्यावरचं चित्र थिजायचं, हेडफोनमधून एकच घरघर यायची आणि मग सगळं काळं.

मी बत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. अडकलेली माणसं काढली, एकदा तर एका कपाटासकट चार हमाल काढले. त्यामुळे बंद पडणाऱ्या वस्तूंबद्दल आपल्याला कोणी शिकवू नये, असा माझा समज. भिंगरीने (मुलगी एका जागी ठरत नाही, म्हणून सगळेच तिला भिंगरी म्हणतात) तयार कॉम्प्युटर न घेता सुटे भाग आणून जोडायचं ठरवलं, तेव्हा मी लगेच बोललो, "अगं, कशाला नसता उपद्व्याप? तुला जमणार आहे का ते?" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही फक्त टॉर्च धरा." टॉर्च! मला! पण धरला. एकुलत्या एका मुलीपुढे माझं फार चालत नाही.

ही भिंगरी पाच जणींच्या संघात खेळते. पाच जणी पाच ठिकाणच्या, एकमेकींना प्रत्यक्ष कधी भेटलेल्या नाहीत, पण भांडतात सख्ख्या बहिणींसारख्या. त्यांची कप्तान जनावरांची डॉक्टर आहे. दिवसभर गाईम्हशी तपासते आणि सुट्टीच्या दिवशी या पोरींना हाकते. या संघात जागा मिळावी म्हणून भिंगरीने दोन वर्षं वाट पाहिली होती. जागा मिळाली आणि सलग दोन सामन्यांत ती ऐन रंगात बाराव्या मिनिटाला गायब झाली. उरलेल्या चौघी हरल्या.

शुक्रवारी कप्तानाने सोक्षमोक्ष लावला. स्पीकर चालू होता आणि मी दाराशी होतो. मुद्दाम ऐकत नव्हतो, पण कानांना झाकणं नसतात.

"भिंगरी, खेळ तुझा उत्तम आहे," ती म्हणाली. "पण तू शेवटपर्यंत असशील याचा भरवसा नाही गं. रविवारी चारचा सामना आहे. शेवटपर्यंत टिकलीस तर जागा तुझी. मधेच गेलीस तर राखीव मुलीला घेईन. मला वाईट वाटेल, पण घेईन."

भिंगरी "बरं" म्हणाली. एवढंच. जी पोर "मीठ दे" सांगायला दहा वाक्यं घेते, ती एका शब्दावर थांबली म्हणजे आत काय चाललं असेल ते मला कळलं.

आणि तिने काही कमी केलं नव्हतं. गेले तीन आठवडे ती हात धुऊन त्या पेटीच्या मागे लागली होती. मेमरीच्या पट्ट्या एकेक काढून पाहिल्या, जागा बदलून पाहिल्या. सगळं पुसून नव्याने भरलं. ग्राफिक्स कार्ड काढून परत बसवलं. वायर बदलली, प्लग बदलला, टेबलही खिडकीपासून भिंतीकडे नेलं. इंटरनेटवर विचारलं तर प्रत्येकाचं निदान वेगळं. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, इथे पन्नास मुखं होती आणि परमेश्वराचा पत्ता नव्हता.

शनिवारी सकाळी पाहतो तर ती स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेली. शेजारी सुट्या भागांची रिकामी खोकी.

"काय चाललंय?"

"सगळं सोडवते. दुकानात नेऊन देते, त्यांनाच जोडू दे." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात ते खरं होतं. नाही जमत मला."

मला असं झालं की माझी ती वाक्यं कुठून तरी गोळा करून गिळून टाकावीत. बापाने सहज टाकलेला टोमणा पोरगी एवढे दिवस सांभाळून ठेवते हे मला कुठे माहीत!

"एक तास मला दे," मी म्हणालो. "पेटीचं झाकण काढ, खेळ सुरू कर आणि जरा गप्प बस."

तिची आई नर्स आहे. त्या दिवशी तिची सुट्टी होती. ती चहाचा कप घेऊन दारात उभी राहिली, वॉर्डात राउंडला डॉक्टर आल्यावर उभी राहते तशी.

माझी कामाची पद्धत जुनी आहे. लिफ्ट बंद पडली की आधी काही उघडायचं नाही. कान लावायचा, वास घ्यायचा आणि मग उलटा हात. तळहात कधीच नाही, कारण तळहाताला शॉक बसला तर मूठ आवळते आणि माणूस चिकटतो. उलटा हात झटकन मागे येतो. हे मला माझ्या उस्तादाने पहिल्याच दिवशी डोक्यात टपली मारून शिकवलं होतं.

पंखा फिरत होता. वास नव्हता. आठ मिनिटं झाली.

"हा किती तापलाय ते कुठे दिसतं का?"

"हे काय. ग्राफिक्स कार्ड पासष्ट. सगळे म्हणाले तेच तापतं, पण ते ठीक आहे."

"आणि तो मुख्य मेंदू? प्रोसेसर की काय तो?"

तिने आणखी एक खिडकी उघडली. "शहाण्णव."

"शहाण्णव म्हणजे ताप नाहीच," दारातून आवाज आला.

"आई, सेल्सियस!"

"अगं बाई! मग तो गेलाच की."

त्या मेंदूच्या डोक्यावर पातळ पत्र्यांचा एक ठोकळा असतो. खालची उष्णता वर ओढून घ्यायची आणि पंख्याने उडवून लावायची, हे त्याचं काम. मी त्याला उलटा हात लावला. चटका बसणार म्हणून हात मागे घ्यायच्या तयारीतच होतो. पण ठोकळा गार! माठावर हात ठेवावा तसा गार. खाली शहाण्णव आणि वर दोन बोटांवर हिवाळा.

"सापडलं!" मी ओरडलो. "घोडं इथे पेंड खातंय. खालची आग वर पोचतच नाही. मधे काहीतरी अडलंय!"

एवढ्यात बारावं मिनिट भरलं, चित्र थिजलं, घरघर झाली आणि पेटी बंद पडली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच आम्ही तिघांनी त्यावर टाळ्या वाजवल्या.

प्लग काढून, जरा थांबून भिंगरी ठोकळ्याचे चार स्क्रू सोडवायला बसली. माझी छाती आता चांगलीच फुगली होती, त्यामुळे तोंडही सुटलं. "कुठल्यातरी गाढवाने मधे काहीतरी ठेवलंय. कारखान्यातला निष्काळजीपणा, दुसरं काय! आमच्या वेळी अशा माणसाला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. आजकाल कामाची कदरच नाही कोणाला."

ठोकळा वर आला. तांब्याचा गुळगुळीत तळ, त्याला उष्णता वर पोचवणारी राखाडी पेस्ट फासलेली. भिंगरीने आईच्या प्रथमोपचाराच्या पेटीतला चिमटा घेतला, तळाच्या एका कोपऱ्यात खुपसला आणि अलगद ओढला. बिस्किटाएवढा एक पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा सुटून आला.



"हे मी काढलं होतं," भिंगरी म्हणाली. "बसवण्याआधी काढा असं खोक्यावरच लिहिलंय. मी काढलं होतं... काढलं होतं ना?" तिने पापुद्रा उजेडात धरला. मग तिचा आवाज खाली गेला. "नसणारच काढलं. नाहीतर इथे कसं असेल? तीन आठवडे सगळ्या जगाला विचारत बसले, आणि चूक माझीच."

आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. कारण मला आठवलं.

त्या दिवशी तिने तो पापुद्रा काढून टेबलाच्या कडेला ठेवला होता. बोटाला पेस्ट लागली म्हणून हात धुवायला गेली. मी टॉर्च धरून बसलो होतो. तांबं असं चकचकीत की त्यात मला माझी मिशी दिसत होती. आता माझा स्वभाव असा की नव्या वस्तूचं प्लास्टिक काढणं मला अंगावरचं कातडं सोलण्यासारखं वाटतं. आमचा टीव्हीचा रिमोट आठ वर्षं त्याच्या मूळ पिशवीत आहे. फ्रिजच्या दारावर अजून कंपनीचं चकचकीत आवरण आहे. जित्याची खोड, ती कुठे जाणार! चांगल्या वस्तूवर धूळ बसेल, ओरखडा येईल, म्हणून मी तो पापुद्रा उचलला आणि नखाने दाबत परत लावला. एक बुडबुडा राहू दिला नाही. भिंगरी आली, ठोकळा उचलला आणि बसवला. दिसणार कसं? माझं काम नेहमीच सफाईदार असतं.

गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं, हे खरं. तसा विचारही आला, खोटं कशाला बोलू? मी हळूच बायकोकडे पाहिलं. ती आधीपासून माझ्याकडेच बघत होती. तिने पापुद्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो," ती गोड आवाजात म्हणाली, "तुम्हाला काही होतंय का?"

मी भिंगरीकडे वळलो. "तू काढलं होतंस, बाळा. मी परत लावलं."

"काय?"

"धूळ बसेल म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता काही खरं नाही. तिच्या नाकपुड्या थरथरल्या, खांदे हलले, आणि ती अशी हसत सुटली की खुर्चीवरून घसरून जमिनीवर बसली. "धूळ बसेल म्हणून! आई, धूळ बसेल म्हणून!"

"आणि मघाशी गाढव कोणाला म्हणालात?" बायकोने विचारलं.

"मलाच."

"निष्काळजी कारखाना?"

"तोही मीच."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली आणि चहाचा कप ठेवून तीही हसायला बसली.

हसून हसून डोळे पुसता पुसता भिंगरी एकदम थांबली. "बाबा, म्हणजे मी नीट बांधला होता?"

"एकदम नीट."

"सगळा?"

"सगळा. एक स्क्रूसुद्धा तिरपा नाही. बिघडवला तो मी. तुला जमत नाही असं मी म्हणालो होतो, तेही चूक. तुला जमतं."

तिचा चेहरा असा उजळला की मला आणखी दहा चुका कबूल कराव्याशा वाटल्या.

मग बायकोने स्पिरिट आणि कापूस आणून मेंदू आणि तांबं दोन्ही लख्ख पुसलं. पेस्टची नळी संपल्यासारखीच होती, पण मलमाची नळी शेवटच्या थेंबापर्यंत कशी पिळायची हे नर्सला सांगावं लागत नाही. वाटाण्याएवढी पेस्ट निघाली. ठोकळा बसला. खेळ सुरू केला, आकडा बासष्टवर गेला आणि तिथेच रेंगाळला. बारा मिनिटं झाली, वीस झाली, तास झाला.

तरी रविवारी चार वाजता घरात कोणाच्या जिवात जीव नव्हता. तीन आठवडे तापलेल्या मेंदूला आतून काही इजा झाली असेल तर? दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. भिंगरीने मला मागच्या स्टुलावर बसवलं आणि बजावलं, "कशालाही हात लावायचा नाही." मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. बायको रुग्णाची नाडी बघावी तशी घड्याळ बघत होती.

या वेळीही स्पीकर चालू होता. अकरावं मिनिट. बारावं. कप्तानाचा आवाज आला, "भिंगरी, आहेस ना?"

"आहे."

पंधरा. वीस. मधे एकदा चित्र जरासं अडखळलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं, पण ते इंटरनेट होतं. "आहेस ना?" "आहे!" तिसाव्या मिनिटानंतर कप्तानाने विचारणं सोडून दिलं आणि सगळ्या जणी नुसत्या एकमेकींवर ओरडू लागल्या. कोण कुठे पळतंय, कोण कोणाला मारतंय, मला ओ की ठो कळत नव्हतं. मी फक्त माझ्या पोरीची पाठ बघत होतो. ती हलत होती, डोलत होती, खुर्चीतून अर्धी उठत होती. तिला सामना खेळताना मी त्याआधी बारा मिनिटांपलीकडे कधी पाहिलंच नव्हतं.

त्रेचाळिसाव्या मिनिटाला सामना संपला. भिंगरीने दोन्ही हात वर केले आणि किंचाळली, "बाबा! हरलो!"

मी उडी मारली, स्टूल पडलं, बायकोला मिठी मारली. आम्ही तिघं त्या एवढ्याशा खोलीत हात धरून नाचत होतो आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. लाज वाटायला वेळच नव्हता.

"अगं, मागे कोण ओरडतंय?" स्पीकरमधून कप्तान विचारत होती. "आपण हरलोय ना? दणकून हरलोय."

"आईबाबा आहेत," भिंगरी धापा टाकत म्हणाली. "हरेपर्यंत टिकले ना मी!"

पलीकडे चौघीही हसल्या.

"टिकलीस," कप्तान म्हणाली. "जागा तुझी. पुढच्या रविवारी चारला, आणि त्या ओरडणाऱ्यांनाही बसव."