पिरिहिराच्या टेबलावरचा पाव

हिनेवाईने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि पिरिहिरा म्हातारीच्या दारातच तिला ताज्या पावाचा वास आला. बटाटा आंबवून केलेला रेवेना पाव. तिच्या आजीच्या घरीही असाच वास यायचा. उंबऱ्यापाशी बूट काढता काढता तिच्या पोटात कावळे ओरडायला लागले, आणि तिने मनाला बजावलं, काही झालं तरी खायचं नाही.

असं बजावायचं कारण तिच्या वहीत होतं. समाजकार्याच्या पदवीचं तिचं हे शेवटचं वर्ष. नीतिशास्त्रात शंभरपैकी एक्क्याण्णव गुण. कामासाठी कुणाच्या घरी गेलात तर स्वतःबद्दल बोलू नका, काही घेऊ नका, काही खाऊ नका, सगळ्यांना एकाच मापाने मोजा, असं तिथे शिकवलं होतं. नियम वाईट नव्हते. वशिलेबाजी आणि मिंधेपणा जवळून पाहिलेल्या माणसांनीच ते केले होते. आणि तिथल्या मूळच्या माओरी लोकांची मूल्यं अभ्यासक्रमात नव्हती असं कुणी म्हणू नये! होती की. अकराव्या आठवड्यात, एक तास, फळ्यावर चार शब्द, आणि परीक्षेत एक ऐच्छिक प्रश्न. हिनेवाई स्वतः माओरी, पण तिने तो प्रश्न सोडून दिला होता. घरचंच तर आहे, त्यात लिहायचं काय, असं तिला वाटलं होतं.

पिरिहिराची नात अरिहिया एकोणीस वर्षांची, आठवा महिना लागलेला. पोटातल्या बाळाचा बाप तिला मारहाण केली म्हणून तुरुंगात होता. तेव्हा बाळ जन्मल्यावर या घराण्यात त्याला सांभाळणारा भरवशाचा हात आहे की नाही, हे बालकल्याण खात्याला आधीच ठरवायचं होतं. हिनेवाई त्या खात्यात प्रशिक्षणासाठी चौदा आठवडे होती. तिची वरिष्ठ ग्लेनिस तिला फाटकाशी सोडून त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या घरी गेली होती. "फॉर्म भरून ठेव, मी चाळीस मिनिटांत येते," एवढं सांगून.

आतल्या टेबलावर पाव होता, लोणी होतं, धुरावलेला मासा होता, आणि कपबशा मांडून ठेवल्या होत्या. अरिहिया पोटावर हात ठेवून बसली होती. तिच्या शेजारी पन्नाशीची एक बाई पिवळ्या लोकरीचं काहीतरी विणत होती. ती पिरिहिराची भाची न्गाहुइया. दोन तास गाडी हाकत ती पलीकडच्या खोऱ्यातून आली होती.

पिरिहिराने नव्या पोरीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ये. कोण गं तू?"

"मी हिनेवाई. खात्याकडून आले आहे."

"खात्याने पाठवलं ते दिसतंय. खात्याने जन्माला नाही ना घातलं? कुणाची तू? तुझी नदी कुठली?"

अरिहिया खुदकन हसली. हिनेवाईलाही हसू येत होतं. आजीचं नाव जिभेच्या टोकावर आलं होतं. पण एक्क्याण्णव गुण आडवे आले.

"त्याचा आपल्या कामाशी संबंध नाही, मिसेस तेपाना."

विणणारे हात थांबले. पिरिहिराने मात्र सांभाळून घेतलं. "बरं, लाजतेस. बस, आधी खाऊन घे. गरम आहे तोवर."

"नको, थँक्यू. आम्हाला घ्यायची परवानगी नाही."

त्या घरात चाळीस वर्षांत कुणी उपाशी परतलं नव्हतं. पोलीस परतला नव्हता, वीज तोडायला आलेला माणूससुद्धा खाऊन गेला होता. खाऊन झाल्यावर मगच बोलायचं, आणि बोलायचं तर तू कोण, मी कोण, आपली गाठ कुठे बसते इथून सुरुवात करायची, अशी तिथली रीत. ज्याच्याशी गाठ बसत नाही त्याच्या ओटीत आपलं लेकरू कसं घालायचं? म्हातारीने पावावर फडकं टाकलं.

हिनेवाईने फॉर्म काढला. "या घरात कायमचे किती जण राहतात?"

"दोन."

"बाळाला सांभाळायला कुणी नातेवाईक तयार आहे?"

पिरिहिराने पावावरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाली, "जिला स्वतःच्या आजीचं नाव सांगता येत नाही, तिला मी माझ्या पणतवंडाबद्दल काय सांगू, पोरी?"

त्यानंतर ती बोलली नाही. न्गाहुइयाचे ओठ हलले, पण मोठ्या माणसाने तोंड मिटलं की धाकट्यांनी ते उघडायचं नसतं. ती खाली बघून पुन्हा विणायला लागली. खरं तर ती दोन तास गाडी हाकत आली होती ती एवढंच सांगायला, की बाळ माझ्याकडे येईल. माओरी घरांत याला फांगाई म्हणतात. आईला झेपत नसेल तर मूल आजीकडे, मावशीकडे, मामीकडे वाढतं. आई परकी होत नाही आणि मूल पोरकं होत नाही. पण फॉर्मवर घरात राहणाऱ्यांसाठीच रकाने होते, आणि न्गाहुइया तिथे राहत नसल्याने हिनेवाईने तिला विचारलंही नाही.

हिनेवाईने सुवाच्य अक्षरात लिहिलं, "कुटुंब सहकार्य करत नाही. मूल सांभाळण्यास एकही नातेवाईक पुढे आला नाही."

गाडीत ग्लेनिसने ते वाचलं. "छान. नेटकं लिहितेस हं तू," ती म्हणाली.

बाळ जन्मलं तेव्हा ते नेटकं पान कोर्टात पोचलं होतं, आणि बाळ खात्याच्या ताब्यात घ्यायचा हुकूमही निघाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ग्लेनिस आणि हिनेवाई इस्पितळात गेल्या. गाडीत बाळाला बसवायची टोपलीवजा खुर्ची हिनेवाईच्या हातात होती. ती रिकामी खुर्ची घेऊन जिना चढताना तिला पहिल्यांदा वाटलं, की आपण काहीतरी भयंकर करतो आहोत.

अरिहिया बाळाला पाजत होती. खुर्ची बघून तिला कळलं. ती किंचाळली नाही. "हिचं पोट भरू दे," एवढंच म्हणाली. "एवढं तरी भरू दे ना." पाजून झाल्यावर तिच्या हातांतून बाळ सोडवून घ्यायला परिचारिकेला बराच वेळ लागला. हिनेवाईने पट्टा लावला. तो दोनदा चुकला.

खाली वाहनतळावर पिरिहिरा बाकावर बसली होती. मांडीवर इस्पितळाने दिलेला झाकणाचा डबा होता. त्यात बाळाची वार होती. घरामागच्या जमिनीत ती पुरायची, म्हणजे मूल त्या जमिनीचं होतं. आपल्याकडे नाळ पुरतात, त्यातलीच ही गोष्ट.

"वार सही घेऊन दिली हो त्यांनी," म्हातारी म्हणाली. "नियमात बसते. फक्त लेकरू बसत नाही."

हिनेवाई गाडीकडे न जाता तिच्यासमोर उभी राहिली.

"आता तरी सांग. कुणाची तू?"

"मेरेआनाची नात," ती कशीबशी म्हणाली. "मोटू नदीवरची. मेरेआना कवेपो."

पिरिहिराने डोळे मिटले. "सतरा वर्षं आम्ही एका शेडमध्ये मेंढ्यांची लोकर निवडली," ती म्हणाली. "मला क्षय झाला, मला दवाखान्यात टाकलं, तेव्हा माझं पहिलं लेकरू तीन महिन्यांचं होतं. तुझ्या आजीने चौदा महिने छातीशी धरून वाढवलं त्याला. मी बरी होऊन आले त्या दिवशी आणून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, घे, तुझाच आहे. आणि तिची नात येऊन..." तिने डबा पोटाशी घट्ट धरला. "त्या दिवशी एवढंच बोलली असतीस, पोरी! मी तुला अख्खं गोत्र मोजून दाखवलं असतं."

दुसऱ्या दिवशी हिनेवाई ग्लेनिसच्या टेबलासमोर उभी राहिली. "माझं पान परत घ्यायचं आहे मला."

"त्यात खोटं काय लिहिलंयस?"

"प्रत्येक वाक्य खरं आहे. पान खोटं आहे."

ग्लेनिसने चष्मा काढला. ती दुष्ट बाई नव्हती. "बावीस वर्षं झाली मला. एका आजीवर विश्वास ठेवून मी तिचा नातू तिच्याकडेच राहू दिला होता. गोड होती, खाऊपिऊ घातलं मला. सात महिन्यांनी त्या पोराच्या मातीला गेले मी. तेव्हापासून मी कुणाच्या घरी चहासुद्धा घेत नाही. तुला कळतंय का मी काय सांगते आहे?"

"कळतंय," हिनेवाई म्हणाली. "पण त्या आजीचा तुम्ही चहा घेतलात आणि गोत्र विचारलं नाहीत. मी दोन्ही केलं नाही. विचारलं असतं तर त्या पोरावर डोळा ठेवायला पन्नास माणसं मिळाली असती."

ग्लेनिसने चष्मा पुन्हा लावला. मग हलक्या आवाजात म्हणाली, "कोर्टात गेलीस तर कॉलेज तुला या वर्षी पास करणार नाही. बघ बाई."

हिनेवाई कोर्टात गेली. स्वतःचा अहवाल चुकीचा आहे, आणि तो चुकला कारण मी माणसासारखी वागले नाही, असं तिने लिहून दिलं. गोपनीयतेचा भंग आणि हितसंबंध लपवणं, असे दोन ठपके ठेवून कॉलेजने तिला नापास केलं. गंमत बघा, जे सांगायला बंदी होती तेच लपवल्याचा ठपका. न्यायाधीशांनी नव्याने चौकशीचा हुकूम दिला. तारीख पडली, मग पुढची पडली. बाळ तोवर दोनशे किलोमीटरवर एका परक्या घरी रांगायला शिकत होतं. ती माणसं चांगली होती, पण बाळाला एमी म्हणत होती. पिरिहिराने आपल्या आईच्या नावावरून ठेवलेलं नाव हाराता होतं.

पुढच्या तारखेआधीच, ऐन थंडीत, पिरिहिरा गेली. छातीत कळ आली म्हणतात. मला विचाराल तर ती बाळाची वाट बघून बघून गेली.

तीन दिवस मराएवर, म्हणजे त्यांच्या गोताच्या सभाघरात, तिला ठेवलं होतं. उघड्या शवपेटीशी अरिहिया बसून होती. तिसऱ्या दिवशी दुपारी खात्याची गाडी आली. ग्लेनिस आणि तिच्याबरोबर नवी प्रशिक्षणार्थी, कर्स्टी नावाची सोनेरी केसांची मुलगी. बाळाला दोन तासांची भेट मंजूर झाली होती. न्गाहुइयाने हाराताला पिवळ्या शालीत घेऊन पणजीच्या गार गालाशी टेकवलं. बाळ हसलं आणि त्या गालावर थापट्या मारायला लागलं. सभाघरात एक हुंदका उठला. हिनेवाई खांबाला धरून ढसाढसा रडली.

पुरून आल्यावर पंगत बसली. कर्स्टी हातात फॉर्म घेऊन भिंतीशी उभी होती. तिच्या फॉर्मवर 'उपस्थित नातेवाईक' या मथळ्याखाली चार ओळी होत्या, आणि समोर दोनशे माणसं जेवत होती.

हिनेवाई तिच्यापाशी गेली. "कुणाची गं तू?"

"आम्हाला ते सांगायला..." कर्स्टीने घाबरून ग्लेनिसकडे पाहिलं.

ग्लेनिसने बाकडं ओढलं, बसली, आणि समोरच्या पावाचा तुकडा मोडून तोंडात घातला. त्या आजीनंतर तिला असं खाताना कुणी पाहिलं नसेल.

"माझे लोक दक्षिणेकडचे," कर्स्टी हळूच म्हणाली. "गाईवाले. आजीचं नाव आयला. मटौरा नदी."

"मग बस," न्गाहुइया म्हणाली, "आणि ते पान उलट. मी नावं सांगते. कोण कुठे राहतो, बाळाचं कोण काय करणार, सगळं लिही."

पानाची मागची बाजू भरली, मग दुसरं पान लागलं. सदतीस नावं झाली तेव्हा चार वाजले, आणि भेट संपली. अरिहियाने स्वतः बाळाला खुर्चीत ठेवलं. "हिचं नाव हाराता आहे," ती कर्स्टीला म्हणाली. "तिकडे सांगशील?" कर्स्टीने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि मान हलवली. गाडी गेली. तारखेला अजून सहा आठवडे होते. आपल्याला सहा आठवडे म्हणजे काहीच नाहीत. दुधाचे दात येणाऱ्या लेकराला आणि त्याच्या आईला विचारून बघा.

हिनेवाई आत येऊन बसली. तिच्यासमोरचा रेवेना गार झाला होता. ज्या बाईने एका मंगळवारी तिच्यासाठी गरम पाव काढून ठेवला होता, ती आता मातीखाली होती. तरी तिने ताटलीतला कणन्‌कण संपवला. पुढच्या वर्षी ती पुन्हा त्याच वर्गात बसणार होती आणि अकरावा आठवडा पहिला करा म्हणून भांडणार होती. पुन्हा नापास केलं तर पुन्हा बसणार होती.

स्वयंपाकघरातून न्गाहुइयाने तिच्या अंगावर भांडी पुसायचं फडकं फेकलं. "बसलीस काय? ऊठ. पाहुण्यांना आम्ही हे देत नाही."

हिनेवाई उठली आणि भांडी पुसायला लागली.