एकुलती

"शके, गोपाल कुठी हाय वं?"

सासूबाई, कौशल्याबाई, जाऊन कैक वर्षं झाली. पण वणा नदीच्या काठावरून आलेली त्यांची ती हाक शकुबाईच्या कानातून काही गेली नाही. त्या दिवशी तिचा तीन वर्षांचा गोपाल बापाचं बोट धरून नदीवरच्या ठेंगण्या रपट्यावरून येत होता. पाणी जेमतेम घोट्याला. वरून लोंढा कधी आला, कुणालाच कळलं नाही. बाप खाली बाभळीला अडकलेला, जिवंत सापडला. बोट धरणारा सापडला नाही.

पुढे मोहिनी झाली. खाटेशी बसून सासू हळूच म्हणाली होती, "हिच्यापुढं त्याचं नाव काहाडू नको, माय. नाव निघालं का नदी आयकते. आयकलं का घराची वाट धुंडत येते."

शकुबाईने नाव गिळलं. गावही सोडलं. जाम गावाच्या चौकात, हायवेच्या धुळीत, तर्री-पोह्यांचा ठेला लावला. तिथे पाणी म्हणजे नळाचं, तेही आलं तर आलं. नवरा उरलेलं आयुष्य मुक्यानेच जगला आणि तसाच गेला. पोरीला झोके देताना ती गायची,

नदीबाई नदीबाई, माझ्या दारी येऊ नको
पाळण्याच्या दोरीला गं, ओला हात लावू नको

पोरीला ते गाणंच वाटायचं.

एकुलती म्हणून लाडात वाढलेली मोहिनी नर्स झाली आणि म्हाताऱ्यांच्या सेवेसाठी पार स्कॉटलंडला गेली. आज दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिकडे नुकतं उजाडलं होतं. वाऱ्याने तिची ओढणी तोंडावर येत होती.

"आई, आज तुले आमची नदी दाखवतो. डॉन नाव हाय तिचं."

"बापा! नदी हाय का गुंडा?"

बशीतली तर्री ओरपणारे नत्थूजी ड्रायव्हर खो खो हसले. "शकुबाई, पोरगी डॉनच्या गावात गेली म्हना!"

"गरीब हाय वं ते," मोहिनी म्हणाली. "बाजूले दुसरी नदी हाय, डी. ते सालाचे तीन मानसं घेते म्हंतात. आमची डॉन काईच नाई मांगत. पन हा पूल पाह्य, सातशे वर्षांचा!"

पडद्यावर जुन्या दगडांची एकच टोकदार कमान उभी राहिली. खाली काळा डोह. रात्रभराच्या पावसाने तुडुंब भरलेला.

"आमची एक म्हातारी सांगते, याचं भविष्य हाय. आईचं एकुलतं एक लेकरू, घोडीच्या एकुलत्या एक शिंगरावर बसून आलं, का पूल पडन." मोहिनी हसली. "एकुलती तर मी हावोच. पन घोडी कुठून आनू? आपली सेकंडहँड सायकल हाय!"

शकुबाईचा हात झाऱ्यासकट थांबला.

"त्या पुलावर चढू नको."

"काऊन?"

"दुसऱ्या रस्त्यानं जाय."

"फेर पडते ना आई. ड्युटी हाय. रोज तर याच्यावरूनच जातो!"

रोज. रोज पोरगी त्या डोहावरून जात होती, आणि रोज तो पूल तिला एकुलती समजत होता.

"शकुबाई, तर्री जळून राह्यली ना!" नत्थूजी ओरडले.

तिला ऐकू आलं नाही. फोनमधून वाऱ्याचा घुंऽऽ असा आवाज येत होता. पडदा हलत होता. सायकलचं चाक दगडी चढावाला लागलं होतं. नाव घेतलं तर नदी ऐकेल. नाही घेतलं तर पूल पोरीला एकुलती मोजेल.

"ठेवतो आई. वारं लय हाय."

"थांब! मोहिनी, थांब वं तिथंच!"

चाक थांबलं. पोरीचा चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आला. त्यावरचं हसू विझलं होतं.

"काय झालं आई? रडून काऊन राह्यली?"

शकुबाईने गॅस बंद केला. नत्थूजींनी बशी हळूच खाली ठेवली. तिने फोन तोंडाशी धरला, आणि पोरीच्याही आधी त्या पुलाला ऐकू जावं इतक्या मोठ्याने बोलली,

"तू एकुलती नाई वं. तुह्या आंधी तुले भाऊ होता. गोपाल."