एकदाच तापणारी पिशवी

औषधवाल्या काकांची उभी हयात दुकानातला मुदत संपलेला माल वेचून फेकण्यात गेली, आणि घरात मात्र त्यांनी मुदत संपलेल्याच मालाचं कपाट थाटलं! सैनिकांच्या शिध्याचे जुने डबे, पत्र्याच्या खोक्यातली बिस्किटं, चहाच्या पुड्या. गंज चढू नये म्हणून डब्यांवर मेणाचा पातळ हात. ओल धरू नये म्हणून गोळ्यांच्या बाटल्यांतून जमवलेल्या, ओलावा शोषणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्या. एखादा डबा फुगलाच, तर बुडाला भोक पाडून आतलं काढायचं, धुवायचं, वाळवायचं. दर्शनी बाजूला ओरखडा उठता कामा नये.

काकू म्हणायच्या, "मला लग्न करून आणलंत, तेव्हा एवढं जपून नव्हतं हो आणलं."

त्यांचा एकुलता एक मुलगा भुंगा. लहानपणी घरभर गुणगुणत फिरायचा, म्हणून भुंगा. तो सैन्यात गेला आणि सुट्टीवर येताना बाबांच्या कपाटासाठी हटकून एक पाकीट आणू लागला. शेवटच्या खेपेचं पाकीट वरच्या फळीवर ठेवलं होतं. त्यानंतर तो आला नाही. डोंगरातल्या रस्त्यावरून त्याच्या तुकडीची गाडी खाली दरीत गेली.

काकांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. माणसं भेटायला आली, बसली, गेली. काका डब्यांना मेण लावत राहिले. वाढलं की जेवायचे. मीठ घालायचं राहिलं तरी जेवायचे.

एका सकाळी काकू चष्मा लावून कपाटापुढे उभ्या. "अहो, भुंग्याच्या पाकिटाची मुदत या महिन्यात संपतेय."

"संपू दे. इथे सगळ्यांचीच संपलीय."

"फोडू या."

काकांनी हातातला डबा खाली ठेवला. "ते शेवटचं आहे."

"म्हणूनच. मी फोनवर विचारायची, गरम जेवलास का रे? तर म्हणायचा, गरमागरम, आई, जिभेला चटका बसला. त्या बर्फात कोण बसलंय चूल पेटवायला? माझं समाधान करायला थापा मारायचा, दुसरं काय!"

"थापा नाहीत. आत एक पिशवी असते. पाणी घातलं की आपोआप तापते. पाकिटावर लिहिलंय तसं."

"लिहायला काय जातं? तुमच्या दुकानातल्या बाटल्यांवर काय कमी लिहिलेलं असायचं?"

यावर काकांना हसू यायला हवं होतं. आलं नाही. रागही आला नाही. "ती एकदाच तापते," एवढंच ते म्हणाले.

"मलाही एकदाच बघायचंय."

काकांनी पातं घेतलं आणि हाताच्या सवयीने पाकीट बुडाच्या शिवणीवर चिरलं. जेवणाची थैली त्या पिशवीत सरकवली, तांब्यातलं पाणी ओतलं. दोघं टेबलापाशी बसून राहिली. पिशवी ढिम्म. काकूंचा चेहरा हळूहळू उतरू लागला. तेवढ्यात आत काहीतरी फिसफिसलं, पिशवी फुगली, तोंडातून वाफेचा लोट निघाला.

काकूंनी हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अगंबाई, भाजलं की!" त्या हसल्या, आणि हसता हसता मनगटाने डोळे पुसू लागल्या. "खोटं नव्हता बोलत हो. गाढव कुठला! खरंच गरम जेवायचा."

आत वाटाणे-बटाटे होते. दोघांनी अर्धे अर्धे वाटून घेतले.

"मीठ जरा जास्तच, नाही?"

"असेल," काका म्हणाले. त्यांना चव लागतच नव्हती. पण ताटली त्यांनी पुसून खाल्ली.

काकूंनी ती पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. "धरा. अजून ऊब आहे." मग त्या ताटल्या विसळायला गेल्या.

रिकामं पाकीट टेबलावर पडलं होतं. ओशट डाग मुरायच्या आत ते धुवायला हवं, उताणं वाळवायला हवं; काकांना सगळं ठाऊक होतं. पण त्यासाठी पिशवी खाली ठेवावी लागली असती.

"पाकीट धुऊ का हो?" काकूंनी आतून विचारलं.

"राहू दे," काका म्हणाले. त्यांनी दोन्ही तळवे पिशवीवर घट्ट दाबले. "आधी ही निवू दे."