पांढऱ्या दाण्यांची भिंत

भिंत डोक्यावर घेऊन गुलाब गल्लीत शिरला, तेव्हा नळावरच्या बायांनी हंडे भरायचे थांबवले. पुढचं टोक गुलाबच्या डोक्यावर, मागचं त्याच्या बायकोच्या, सुंदरबाईच्या. मध्ये सहा फूट लांब, दोन फूट रुंद अशी सिमेंटची फळी, आणि दोघं चालत होती रुखवत घेऊन निघाल्यासारखी. एक बाई म्हणाली, डोक्यावरून आलेली भिंत डोक्यावरून पळूनही जाईल. दुसरी म्हणाली, वाऱ्यानं उडाली तर आमच्या दारात पाडू नको. गुलाबनं मान हलवली नाही. हलवता येतच नव्हती.

धुळ्याच्या कडेला, नाल्यालगतच्या त्या वस्तीत गुलाब गवंडी म्हणून ओळखला जाई. वीस वर्षं त्यानं दुसऱ्यांची घरं बांधली आणि स्वतः पत्र्याखाली राहिला. यात नवल काही नाही. घर बांधणारा उघड्यावर आणि बांधून घेणारा गच्चीवर, ही रीतच आहे आपल्याकडे. तिला कुणी रीत म्हणत नाही एवढंच.

दोन वर्षांपूर्वी तो रावेरला केळी पिकवायच्या थंड खोलीच्या कामावर होता. दोन भिंतींच्या मध्ये थर्माकोलचे जाड तक्ते बसवायचे. बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन, आत केळी पौषातल्यासारखी गार. दुपारच्या सुट्टीत गवंडी पत्र्याच्या शेडमध्ये भाजत बसायचे. केळीला गारवा, माणसाला पत्रा. हे गुलाबच्या डोक्यात रुतलं ते निघालंच नाही.

मग गेल्या मे महिन्यात त्याची आई, द्रौपदाबाई, भर दुपारी झोपडीत कोसळली. तीन दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टर म्हणाले, पुढचा उन्हाळा हिला पत्र्याखाली काढू देऊ नका. औषधं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिली. घर लिहायची सोय चिठ्ठीवर नसते.

गुलाबनं ठरवलं, या उन्हाळ्यात आईला पत्र्याखालून काढायचंच. थर्माकोल लोखंडी जाळीवर घासला की त्याचे साबुदाण्यासारखे दाणे सुटतात. ते कोरडे कालवले तर सगळे वर तरंगतात आणि सिमेंट खाली बसतं. पहिल्या चार फळ्या अशाच वाया गेल्या. पाचवीला त्याला अक्कल आली. आधी दाण्यांना सिमेंटच्या पातळ रबडीत न्हाऊ घालायचं, मग रेती, मग लाकडी फर्म्यात ओतायचं, वरून खालून कोंबडीजाळी. आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवली की फळी अशी व्हायची की दोन माणसांनी उचलावी, आणि उन्हाकडची बाजू तापली तरी आतली गारच राहावी. घरकुलांच्या ऑफिसातला एक साहेब बघून गेला. हे आमच्या पुस्तकात नाही, म्हणाला. पुस्तकात तर ही वस्तीसुद्धा नव्हती.

आईनं दाणे बघितले होते. ते गुलाबच्या केसांत, भुवयांत चिकटून घरी यायचे. काय आहे रे हे, असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, कंपनीतून येणारी पांढरी खडी. चक्क खोटं बोलला.

खोटं बोलण्याला कारण होतं. द्रौपदाबाई नवी सून असताना टोपलं घेऊन दारोदार फिरली होती. शिळी भाकरी, मेलेल्याच्या अंगावरचं लुगडं, लोकांनी वरून टाकायचं आणि हिनं खालून झेलायचं. वस्तीनं बौद्ध धम्म घेतला त्या साली तिनं ते टोपलं चुलीत घातलं आणि ठरवलं, लोकांचं उतरलेलं या घरात येणार नाही. गुलाब दुसरीत असताना मास्तरीणबाईंनी त्याला आपल्या मुलाचा जुना स्वेटर दिला. आईनं तो घडी करून परत नेऊन दिला आणि पूर्ण हिवाळा पोराला आपल्या पदरात घेऊन झोपली. अशा बाईला कसं सांगायचं की तुझं घर टाकून दिलेल्या थर्माकोलचं आहे?

फळ्या उभ्या करून घर तयार झालं आणि चौऱ्याण्णव सालच्या बुद्ध पौर्णिमेला नव्या घरात जायचं ठरलं. सकाळी वस्तीतली माणसं जमली. मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. पांढरं लुगडं नेसलेली द्रौपदाबाई उंबऱ्यापाशी आली. तेवढ्यात शेजारचा पुना रिक्षावाला पुढे झाला. बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, उलट आपलाही हात लागला म्हणून छाती फुगली होती. त्यानं भिंतीवर थाप मारली.

"अक्का, हाई भिंत नही, टीव्हीनी पेटी शे. दुकानना मांगे उकिरडा शे ना, तठूनच आनं बठ्ठं. मनी रिक्षामा. आते बटन दाबा का घरमा बातम्या लागतीन."

टीव्हीच्या दुकानामागच्या उकिरड्यावरून पुनाच्या रिक्षातून आलेली भिंत, हे ऐकून माणसं हसली. द्रौपदाबाई हसली नाही. तिनं गुलाबकडे बघितलं.

"पुना काय सांगस?"

"खरं सांगस, माय."

उंबऱ्यावर ठेवलेला पाय तिनं मागं घेतला. वळली आणि आपल्या झोपडीत जाऊन पत्र्याखाली बसली. लोक पांगले. पुना तोंड लपवून निघून गेला.

दुपार चढली. पत्रा तडतडायला लागला. सुंदरबाई दोनदा ताक घेऊन गेली, दोनदा तसंच घेऊन परत आली. शेवटी गुलाब आत गेला आणि आईसमोर जमिनीवर बसला. तिचा चेहरा काळवंडला होता, ओठ सुकले होते.

"आठे बसशी तं मरशी, माय."

"मरसू तं मना घरमा मरसू."

तो उठला नाही. तिथंच बसून त्यानं सांगायला सुरुवात केली. रावेरची केळी सांगितली. वाया गेलेल्या फळ्या सांगितल्या, दाण्यांना रबडीत कसं न्हाऊ घालायचं ते सांगितलं. म्हातारी तोंड भिंतीकडे वळवून ऐकत होती. मध्येच तिनं त्याचा हात ओढून मांडीवर घेतला. सिमेंटनं बोटांची कातडी खाल्ली होती, नखांच्या कडा फाटल्या होत्या. ती एकेका बोटावरून अंगठा फिरवत राहिली.

"एक सांग माले. दुकानवालानी तुले हाक मारीसन दिधं का?"

"नही. कोनी दिधं नही."

"मंग?"

गुलाबनं मान खाली घातली. पहाटे झाडूवाला यायच्या आत दुकानामागच्या कुंपणाच्या भिंतीवरून आत उतरून उचलायचो, म्हणाला. एकदा राखणदारानं बघितलं, काठी घेऊन चौकापर्यंत मागं लागला. पुनाची रिक्षा सुरूच होत नव्हती. ढकलत ढकलत पळालो.

द्रौपदाबाईनं मान वर केली.

"म्हंजे तू चोरी करी?"

"हा."

"मांगं नही ना? हात पसरा नही ना कोनासमोर?"

"नही वं माय."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. गुलाबला वाटलं रडतेय, घाबरून तो पुढे सरकला. ती हसत होती. दात नसलेलं तोंड पदरानं झाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"मंग पहिले काबर नही सांगं?" ती म्हणाली आणि जमिनीला हात टेकून उठायला लागली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना, पुस्तकवाल्या साहेबांना हा हिशेब कळणार नाही. चोरी वाईट, हे त्यांना कुणीतरी शिकवलेलं असतं. दान घेताना माणसाच्या मानेचं काय होतं, हे शिकवायला त्यांना कुणी भेटलेलं नसतं.

भर चार वाजता, उन्हात, ती नव्या घराकडे निघाली. गुलाबचा हात तिनं धरू दिला नाही. नळावरच्या बायांनी विचारलं, रुसवा गेला का अक्का? ती थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "मना पोऱ्यानी चोरीसन आनेल शे." जसं काही पोरगा परीक्षेत पहिला आला होता.

आत गेल्यावर ती पश्चिमेच्या भिंतीपाशी उभी राहिली. त्याच भिंतीवर बाहेरून ऊन कोसळत होतं. तिनं तळवा टेकवला. मग पालथा हात टेकवला, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. मग तिथेच, अंथरूण मागायचंही विसरून, ती भिंतीला पाठ लावून बसली.

सुंदरबाई चटई घेऊन आली तर म्हातारीचा डोळा लागला होता. उन्हाळ्याच्या दुपारी तिला झोपलेलं घरातल्या कुणी कधी पाहिलं नव्हतं. गुलाब दारात उभा राहिला. गल्लीतून कुणी मोठ्यानं बोलत आलं की तो नुसता हात वर करायचा, आणि येणारा चपला हातात घेऊन पुढे जायचा.