गुडघ्याखालची उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. माझं वय अभ्र्यावरून ओळखू नका. अभ्रे मी पुष्कळ बदलले, आतला कापूस मात्र तोच आहे.

शिरपूर तालुक्यातल्या एका गावात रुपचंद आबांच्या शेतात माझा कापूस पिकला. त्या वर्षी एकेक बोंड नारळाएवढं होतं. वेचणीच्या बाया ओटी न बांधता बैलगाडीच घेऊन एकेका झाडाखाली उभ्या राहत. खोटं वाटत असेल तर आबांना विचारा, ते याहून मोठं बोंड सांगतील. पुढे पिंजाऱ्यानं दारात बसून कापूस पिंजला आणि मला भरलं, तेव्हा मी इतकी हलकी झाले की उडून जाऊ नये म्हणून मला खाटेला बांधून ठेवावं लागलं. आबांची सून पुष्पाबाई त्याच वर्षी लग्न होऊन घरात आली. घरात आम्ही दोघी नव्या. त्यामुळे तिचा जीव माझ्यावर जडला.

माझे कामाचे दिवस फार मानाचे होते. आबांची कंबर धरली की मी पाठीशी. पुष्पाबाईला मुलगी झाली, तेव्हा तिच्या पाठीला आधार माझाच. शेजारच्या भागाबाईंच्या पाठीत उसण भरली, तर त्यांनी मला एका रात्रीसाठी मागून नेलं, आणि म्हणतात की दुसऱ्या दिवशी त्या फुगडी खेळल्या. फुगडीचं मी पाहिलेलं नाही, पण मी ते खोडूनही काढलं नाही. पुष्पाबाई येईल त्याला सांगायची, "बठ्ठं दुखनं हाई उशी पी लेस." सगळं दुखणं ही उशी पिऊन टाकते, असं तिचं म्हणणं. रोज तेच ऐकून मलाही ते खरं वाटायला लागलं.

पुष्पाबाईची ती मुलगी म्हणजे मोनाली. ती शाळेच्या संघातून खो-खो खेळायची. खांबाला हात लावून अशी वळायची की तिची सावली मागेच राहायची आणि धापा टाकत नंतर यायची. यंदा उन्हाळा लागता लागता तशीच वळताना पाय जमिनीत रुतला आणि अंग फिरलं. गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. धुळ्याच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. पुष्पाबाईच्या काखेत बसून मीही धुळ्याला गेले.

सुट्टी देताना व्यायाम शिकवणाऱ्या चारुलता मॅडम खाटेजवळ आल्या. मोनालीनं आधी एकच विचारलं, "मॅडम, मी परत खेळेन ना?"

"वर्षभर मैदान नाही," मॅडम म्हणाल्या. "पण या पहिल्या आठवड्यांत पाय पूर्ण सरळ झाला, तर वर्षानं पळशील. सगळं त्यावर आहे." मग त्या पुष्पाबाईकडे वळल्या. "काकू, गोळी लिहून दिलेल्या वेळेलाच द्यायची. दुखायची वाट बघायची नाही. दुखणं आटोक्यात राहिलं तरच ती व्यायाम करील. आणि गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही. कितीही बरं वाटलं तरी नाही. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा."

पुष्पाबाईनं मान हलवली. मी काखेतच होते.

गाडीत बसल्यावर ती न्यायला आलेल्या आबांना म्हणाली, "दवाखानानी उशी नको म्हने. ती कडक ऱ्हास. हाई घरनी शे."

आबांना ते पटलं. मलाही पटलं. घरची उशी कधी बाधते का?

घरी आलो तेव्हा वैशाख पेटला होता. पत्रा तापून घराची भट्टी व्हायची. गुडघ्यावर बर्फ ठेवा असं सांगितलं होतं, तेवढं मात्र पुष्पाबाईनं ऐकलं, कारण त्या उन्हात बर्फ कोणालाही पटला असता. गोळीचं तसं नव्हतं.

"माय, दुखस," मोनाली म्हणायची.

"थांब जराखा. गोळी गरम पडस. बाहेर आधीच आग शे."

मग पोर ओठ चावून पडायची. शेवटी कण्हायला लागली की अर्धी गोळी मिळायची. तोवर दुखणं डोक्यावर चढून बसलेलं असायचं, आणि अर्ध्या गोळीला ते काय जुमानणार? व्यायामाची वेळ झाली की मोनाली भिंतीकडे तोंड करायची. तिला तसं बघून पुष्पाबाईचा जीव गलबलायचा, आणि ती मला उचलून अलगद गुडघ्याखाली सरकवायची. गुडघा वाकायचा. कपाळावरची आठी जायची.

"आते?"

"आते बरं वाटस."

पुष्पाबाई माझ्यावरून हात फिरवायची. तेवढ्या कौतुकावर मी उन्हाळा काढला असता.

भेटायला येणारे चहा घेऊन म्हणायचे, पोर किती सोशिक आहे, हूं की चूं नाही. आबा मिशीवरून हात फिरवत, बैलानं त्यांचा पाय तुडवला होता ती गोष्ट सांगायचे, "आमना येळले बैल पायवर उभा ऱ्हायना, तरी गोळी खादी नही."

"म्हनीसन लंगडतस का, आबा?" मोनाली एकदा म्हणाली.

सगळे हसले. आबासुद्धा हसले. त्या उन्हाळ्यात घरात मनापासून हसलेलं मला आठवतं ते तेवढंच.

पुन्हा दाखवायला धुळ्याला गेलो. गाडीत वाटभर गुडघ्याखाली मीच होते. चारुलता मॅडमनी मोनालीला सपाट झोपवलं आणि तिच्या गुडघ्याखाली हात घातला. हात सहज आरपार गेला.

"माझा हात खाली दाब."

मोनालीनं जोर लावला. मांडी थरथरली. हात दाबला गेला नाही.

"व्यायाम?"

"फार दुखायचं, मॅडम."

"गोळ्या?"

पुष्पाबाईनं पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. बहुतेक गोळ्या तशाच होत्या. "फारशा खाल्ल्याच नाहीत तिनं," ती अभिमानानं म्हणाली. "लई सोशिक आहे."

मॅडमची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. मला वाटलं, आता माझंही कौतुक होईल.

"ही कुठे ठेवता, काकू?"

पुष्पाबाईनं सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दुखऱ्या गुडघ्याला वाकून पडायलाच आवडतं. आपण त्याचे लाड केले की तो तसाच आखडतो."

"मॅडम, वर्षानं पळता येईल ना?" मोनालीनं विचारलं.

मॅडमनी पाय नीट धरला. "आधी सरळ करू," म्हणाल्या.

परत येताना मी गाडीच्या मागच्या सीटवर एकटी होते. घरी आल्यावर पुष्पाबाईनं मला माळ्यावर टाकलं. तिथे गळक्या पिंपाशेजारी पडून मी खालचं सगळं बघत होते. आता गोळी वेळेवर मिळायची, पूर्ण मिळायची. ती लागू पडली की मोनाली टाचेखाली टॉवेल घ्यायची. गुडघा अधांतरी राहायचा, त्याच्याखाली काही नाही. त्यानं खाली यायचं असायचं आणि तो येत नसायचा. पावसाळा आला. गुडघ्याखालून तळहात जायचा तिथे आता दोन बोटं जातात. त्या दोन बोटांवर सगळं अडलं आहे. डॉक्टर म्हणतात, नाही सरकलं तर परत ऑपरेशन करून गुडघ्यात शिरावं लागेल. शाळेच्या संघात तिच्या जागेवर दुसरी मुलगी बसली. मोनाली अंगणातून चालते तेव्हा आबा दुसरीकडे बघतात. बैलाची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली नाही.

एका दुपारी व्यायाम चालला होता आणि पोरीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुष्पाबाई चुलीवरचं टाकून धावली आणि सवयीनं तिचा हात गुडघ्याखाली गेला. उशी नव्हती म्हणून हात.

"माय, हात काढ," मोनाली म्हणाली.

पुष्पाबाईनं हात काढला. उंबऱ्यावर जाऊन पदर तोंडात धरून बसली.

थोड्या वेळानं मोनाली म्हणाली, "आबा, ती उशी उतारा."

"आते कोनले?"

"मायले."

आबांनी काठीनं मला खाली ओढलं, धूळ झटकली आणि सुनेच्या मांडीवर ठेवलं. पुष्पाबाईनं माझ्यात तोंड खुपसलं. त्या दिवशी मी जे प्यायले, ते कोरडं व्हायला तीन उन्हं लागली. हे बोंडासारखं नाही, मित्रांनो. हे खरं आहे.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या घरी कोणाचा गुडघा असा बांधलेला असेल, तर डॉक्टर सांगतील ती गोळी सांगतील त्या वेळेला द्या. व्यायाम चालला असेल तर मला लांब ठेवा. मी मऊ आहे, पण मला अक्कल नाही. आणि बघा, दाराशी कोणीतरी पदर तोंडात धरून बसलेलं असेल. मला तिच्याकडे द्या.