पुरवंतीचा द्रवणांक

पुरवंती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी होती आणि मला 'मास' म्हणायची. मास म्हणजे दादा. आमच्याकडे प्रयोगशाळेत जो सहायक तो मास, मग त्याला मिसरूडही फुटलेलं नसलं तरी चालतं. मी तिला 'दिक' म्हणायचो, धाकट्या बहिणीला म्हणतात तसं, आणि त्यात मला भारी मजा यायची. खोटं कशाला बोलू!

मी शेवटच्या वर्षाला होतो आणि प्रगत सेंद्रिय रसायनाच्या प्रयोगांना सहायक होतो. माझ्या गटात पाच जण. अहवाल हाताने लिहायचा, निळ्या शाईत, खाडाखोड न करता. एक शब्द चुकला की अख्खं पान पुन्हा. त्यावर माझी सही असेल तरच पुढच्या प्रयोगाला प्रवेश. माझ्या लाल पेनाला सगळे टरकून असत. पहिल्याच फेरीत सही देणारा सहायक लेचापेचा, असं आम्ही सहायक मानायचो, आणि मला कुणी लेचापेचा म्हटलेलं खपलं नसतं.

पुरवंतीची आई वोनोगिरीच्या बाजारात जामू विकायची, म्हणजे झाडपाल्याचे काढे. ती अंथरुणाला खिळली तेव्हा पुरवंती तीन वर्षं शिक्षण थांबवून तिच्या जागी काढे विकत होती. त्यामुळे आता तिचं चौदावं सत्र चालू होतं. चौदा सत्रांत, म्हणजे सात वर्षांत, पदवी झाली नाही की विद्यापीठ नाव काढून टाकतं, तिथे रडणंभेकणं चालत नाही. तिचा हा एकच विषय राहिला होता. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

प्रयोग ठरलेला. बेंझाल्डिहाइड आणि ॲसिटोनपासून पिवळे स्फटिक करायचे, गाळायचे, वाळवायचे आणि ते किती अंशाला वितळतात ते बघायचं. द्रवणांक एकशे अकरा येतो. दरवर्षी येतो. जुन्या मुलांचे अहवाल झेरॉक्सच्या दुकानात गठ्ठ्याने मिळतात, त्यातही एकशे अकराच. चौघांनी एकशे अकरा लिहिला. पुरवंतीने लिहिला एकशे एकोणतीस. वर आणखी एक ओळ: 'बाटलीतल्या बेंझाल्डिहाइडला कडू बदामाचा वास यायला हवा, पण बडीशेपेचा येतो.'

मी ते पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं.

"अगं दिक, ही प्रयोगशाळा आहे, तुझ्या आईची जामूची टोपली नाही! उद्या हळद-आलं घालून आणशील आणि म्हणशील, मास, घोटभर घेऊन बघा."

चौघं खो खो हसले. तीही हसली, हसावं लागतं म्हणून. मी पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल रेघ ओढली आणि नियमाप्रमाणे ते माझ्याकडे ठेवून घेतलं.

तिने अख्खा प्रयोग पुन्हा केला. पुन्हा एकशे एकोणतीस.

"मास, एकदा भिंगातून बघा ना," ती म्हणाली. "एकदम वितळतंय, एका अंशात. म्हणजे शुद्ध आहे."

"हात धुतेस का नीट? कचरा गेलाय त्यात."

"कचऱ्याने द्रवणांक खाली येतो ना, मास," ती अगदी हळू म्हणाली. "अठरा अंश वर कसा चढेल?"

तिचं बरोबर होतं. दुसऱ्या वर्षाचं पोरही हे सांगेल. मला त्याच क्षणी कळलं की बाटलीतच काहीतरी घोळ आहे. पण चौघं कान टवकारून ऐकत होते. मी भिंगाला डोळा लावला नाही.

"आता तू मला शिकवणार?" मी म्हणालो आणि दुसरं पानही लाल केलं. "शुक्रवारनंतर सही मिळणार नाही."

"मग काय लिहू, मास?"

"बाकीच्यांना जे कळलं ते तुलाच कसं कळत नाही?"

शुक्रवारी तिने आणून दिलं. एकशे अकरा. बडीशेपेची ओळ गायब. मी सही केली.

तोंडी परीक्षा बू हेर्मिन घेतात. बू म्हणजे बाई. माझा प्रबंधही त्यांच्याच हाताखाली चालला होता. पाच जण समोर बसले, मी मागे, खांद्याला पिशवी लावून. बूंनी पाचही अहवाल चाळले आणि चष्मा काढला.

"या वर्षी बाटलीतला द्रव मी बदलला होता. लेबल तेच ठेवलं, सहायकांनाही पत्ता लागू दिला नाही. द्रवणांक एकशे एकोणतीस यायला हवा. ज्याने एकशे अकरा लिहिला त्याने मोजलं नाही, उतरवलं. उतरवणाऱ्याला मी पास करत नाही. पाचांत एकालाही बरोबर आला नाही?"

पुरवंती उभी राहिली. "मला आला होता, बू. दोनदा. मास दनारनी ती पानं नाकारली. त्यांच्याकडे आहेत."

चौघांनी खाली फरशीकडे बघितलं.

"दनार?" बू म्हणाल्या.

पानं पिशवीत होती. चेन उघडायची आणि हात घालायचा, एवढंच काम. पण त्यांच्यावरची लाल रेघ माझी होती, आणि बूंसमोर ती रेघ म्हणजे माझ्या प्रबंधाची वाट लागली असती. मला भीती वाटली. दुसरं काही नाही, नुसती भीती.

"अशी पानं मी पाहिली नाहीत, बू."

"आधी उतरवलंस," बू तिला म्हणाल्या, "आणि आता दुसऱ्यावर ढकलतेस." पाचही नावांपुढे त्यांनी नापास लिहिलं. चौघं पुढच्या वर्षी पुन्हा बसणार होते. तिला पुढचं वर्ष नव्हतं.

ती बाहेर जिन्यापाशी थांबली होती. मला वाटलं आता ही गळा पकडणार. मी उत्तरंही तयार केली होती.

"मास, ती पानं मला द्याल?" ती म्हणाली. "बूंना नाही दाखवत, शपथ. आईला दाखवायची आहेत. मला बरोबर आलं होतं, एवढंच तिला कळू दे."

"ती तर मी केव्हाच टाकून दिली," मी म्हणालो.

तिने माझ्या पिशवीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"बरं, मास," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.