पाळण्याखालचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझं झाकण मोडलंय, पण भूम गावच्या शाळेत एके काळी पोरं माझ्याभोवती गराडा घालायची.

माझे मालक नागसेन सर इतिहास शिकवायचे. त्यांना एकच वेड, प्राचीन इजिप्तची माणसं बोलायची कशी? त्या लोकांनी स्वर लिहिलेच नाहीत. 'सुंदर' या अर्थाचा शब्द लिहिला, तर नुसता न-फ-र. जग सोयीसाठी 'नेफर' म्हणतं. सरांनी पुस्तकं मागवली, लांबलांबच्या विद्वानांना पत्रं लिहिली आणि सापडलेलं सगळं माझ्यापुढं बसून एका कॅसेटमध्ये बोलून ठेवलं.

पुढं मोबाइल आले, मी माळ्यावर गेलो. किती उन्हाळे गेले कुणास ठाऊक. गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनमध्ये सरांचा आवाज गेला. त्यांची मुलगी भाग्यश्री आता त्याच शाळेत शिकवते. सरांची ती कॅसेट वर्गाला ऐकवायला म्हणून तिनं मला खाली काढलं. माझ्या पोटातला रबरी पट्टा वितळून चिकट झाला होता. स्टँडजवळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या सिद्धेश्वरनं नवा बसवला.

कॅसेट लावली, तर माझ्यातून बायकांचा पाळणा निघाला!

सरांच्या बायकोनं, चांगुणाबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं, तुझ्या बारशाला म्याच भरला व्हता. कोरी हाय वाटलं."

"आई! पप्पांचा आवाज तेवढाच उरला होता गं."

सरांनी पाटीवर लिहिलं, 'असू दे.'

भाग्यश्रीनं मला बंद करायला बोट टेकवलं, तेवढ्यात खट्ट झालं. पाळणा तुटला.

"...तोच शब्द इजिप्तच्या ख्रिस्ती प्रार्थनांत, कॉप्टिक भाषेत, 'नूफे' होऊन उरलाय. त्याच्यावरून मागं मागं गेलं की 'नाफिर' मिळतं. पोरांनो, हा अंदाज हाय. पण हवेतला न्हाय."

सरांचाच आवाज! भाग्यश्रीनं बोट झटकन मागं घेतलं. माझाही जीव भांड्यात पडला.

"बघा," चांगुणाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "म्होरची कडवी मला येत न्हवती, म्हणून वाचलात तुम्ही!"

सर हसले. आवाज नव्हता, नुसते खांदे हलले.

दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग 'नाफिर' म्हणाला. मागच्या बाकावर बसून सर मान डोलवत होते.

कॅसेटच्या पाठीला दोन इवल्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की वरून दुसरं काही भरता येत नाही. भाग्यश्रीनं त्या मोडल्यात. आता पाळणाही राहील, सरही राहतील. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी कॅसेट पडली असेल. ऐकल्याशिवाय तिला कोरी समजू नका.